बुटातलं पाणी

"आता बघ, बूट काढतो," यादवराव म्हणाले, आणि पडद्यावरच्या माणसानं बूट काढला.

अश्वजित नुसता पाण्याची बाटली भरायला खोलीबाहेर आला होता. घरून काम करायचा दिवस. हेडफोनमध्ये जर्मनीतल्या एश्बॉर्नच्या ऑफिसातली मीटिंग चालू होती आणि कुणीतरी दर वाक्यामागे गेनाऊ, गेनाऊ, बरोबर, बरोबर, करत होतं. सोफ्यावर त्याचे वडील यादवराव, मांडीवर शाल घेऊन. शेजारी त्याची मुलगी तनया, शाळेतून येऊन दप्तर पायाशी टाकलेलं. टीव्हीवर कुठलीशी जुनी अमेरिकन मालिका होती, आगीच्या बंबवाल्यांची. सत्तरच्या दशकातली असावी, कारण सगळ्यांचे कल्ले कानाखाली उतरलेले, रंग विटलेले, आणि ओठ इंग्रजी हलत असताना बाहेर जर्मन पडत होतं. दुपारी घरात बसलेल्या म्हाताऱ्यांसाठी लावतात तसलं काहीतरी. त्यातला एक फायरमन, तोंडभर काजळी माखलेला, रस्त्याच्या कडेला बसला, बूट ओढून काढला आणि उलटा धरला. बुटातून बदाबदा पाणी पडलं. फायरमन हसला. मागे एका बाईच्या कडेवर तान्हं पोर टाहो फोडत होतं. तनया खिदळली आणि आजोबांना आधीच कसं कळलं म्हणून जर्मनमध्ये विचारलं. ती मराठी सगळं समजायची, पण उत्तर म्हणून तिच्या तोंडून कधी मराठी आलेलं नव्हतं. "कळते मले," यादवराव म्हणाले. बाटली भरून पाणी सिंकमध्ये वाहत होतं आणि अश्वजित नळाला हात लावून तसाच उभा होता.

तो बूट त्याच्या ओळखीचा होता. लहानपणापासूनच्या ओळखीचा. विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावी यादवराव नगरपालिकेच्या बंबावर होते, आणि क्वार्टरच्या त्या एका खोलीत रोज रात्री जेवताना अश्वजितला एकच गोष्ट लागायची. गादीवाल्याच्या दुकानाला आग लागते. खाली दुकान, वर बिऱ्हाड. रुई पेटली की जाळ थोडा आणि धूर फार. बाबा शिडीवरून वर जातात. डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून जमिनीवर पालथे पडून हात फिरवत सरकतात. खाटेखाली गोधडी लागते. गोधडीत पोरगी. तिला छातीशी घेऊन बाबा खाली येतात. रस्त्यावर हीऽ माणसं, पण सगळी गप्प, कारण पोरगी रडत नाही. बाबा तिच्या तळपायाला टिचकी मारतात. इथे अश्वजितनं घास तोंडात धरून थांबायचं. बाबा दुसरी टिचकी मारतात, आणि पोरगी असा सूर लावते की गादीवाल्याच्या बाजूचं कुत्रं पळून जातं. मग बाबा कडेला बसतात, बूट काढतात, उलटा करतात. किती पाणी? बादलीभर. घरात तेव्हा जे हसू फुटायचं ते अश्वजितला आत्ता, जर्मनीतल्या या स्वच्छ स्वयंपाकघरात, जसंच्या तसं ऐकू आलं. आणि पहिल्यांदाच ते त्याला बरं वाटलं नाही.

मीटिंगमध्ये त्याचं नाव घेतलं गेलं तेव्हा त्यानं माफी मागितली, नेटवर्कवर ढकललं. खोलीत येऊन दार लावलं. योगायोग, त्यानं स्वतःला सांगितलं. आग विझवणाऱ्या माणसाच्या बुटात पाणी जाणारच, त्यात काय मोठंसं. पण टिचकी? टिचकी त्यानं पाहिली नव्हती, तो उशिरा आला होता. मग त्यानं काम बाजूला सारून तो भाग इंटरनेटवर शोधून काढला आणि आवाज बंद करून बघितला. शिडी होती. पालथं सरकणं होतं. पोर खाटेखाली नव्हतं, कपाटात होतं, एवढाच फरक. आणि टिचकी होती. एक टिचकी, मग सगळ्यांचे थांबलेले चेहरे, मग दुसरी. कुत्रंसुद्धा होतं. हा भाग अश्वजितच्या जन्माच्याही आधी बनलेला होता. त्यानं लॅपटॉप मिटला, आणि लगेच पुन्हा उघडला, जणू मधल्या वेळात कुणी तारीख बदलून ठेवली असेल.

आता तुम्ही म्हणाल, बापानं लेकराला टीव्हीतली गोष्ट आपली म्हणून सांगितली, तर कुठे आभाळ कोसळलं. बरोबर आहे. पण अश्वजितनं त्या गोष्टीवर घर बांधलं होतं, त्याला कोण काय करणार. पुण्यात इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर, मेसच्या टेबलाशी, "तुझा रँक किती होता रे?" असं एका विशिष्ट गोड आवाजात विचारायची पद्धत होती. आडनाव ऐकलं की तो आवाज यायचा. रँक सांगितला तरी पोरं एकमेकांकडे बघायची. तेव्हा अश्वजित भांडला नाही. तो गादीवाल्याची पोरगी टेबलावर ठेवायचा. माझे वडील बंबावर आहेत, म्हणायचा, आणि शिडीपासून सुरू करायचा. बूट येईपर्यंत टेबलावर कुणी बोलत नसे. कार्ल्सरूहेच्या विद्यापीठाला त्यानं अर्जासोबत जे पानभर लिहून पाठवलं त्यातही ती पोरगी होती. धम्मदीपाशी लग्न ठरायच्या आधी दोघं पहिल्यांदा चहा प्यायला बसले तेव्हा काय बोलावं सुचेना, तर त्यानं तीच काढली. धम्मदीपा आजही म्हणते की मी तुझ्या बाबांना हो म्हटलं, तुला नाही. त्या पोरीनं त्याला इतक्या ठिकाणी हात दिला होता की तिची चौकशी करणं त्याला कृतघ्नपणाचं वाटलं. आणि तरी तो चौकशी करायला लागला.

कारण पोरगी तेवढ्यावर थांबली नव्हती. तिला नाव होतं, प्रभा. अश्वजित विचारायचा, बाबा, आता ती काय करते, आणि यादवराव सांगायचे. रांगते. बालवाडीत जाते, पण पाटी फोडली. सहावीत गणितात नापास होता होता वाचली. तू बी नीट कर अभ्यास. दहावी झाली. पुढे तिचं लग्न झालं, अमरावतीकडे दिलं, आणि त्या लग्नाचे बुंदीचे लाडू अश्वजितनं सुटीला घरी आल्यावर स्वतःच्या तोंडानं खाल्ले होते. लाडू खरे होते, ही एक गोष्ट पक्की. त्या रात्री जेवताना त्यानं पोळीचा तुकडा मोडत, अगदी सहज विचारावं तसं विचारलं, "बाबा, प्रभाला मुलं किती?"

"दोन," यादवराव म्हणाले.

"मागे एक म्हणाला होतात."

"मग झालं असंल ना दुसरं." त्यांनी वरणाचा वाडगा खाली ठेवला. "काहून रे?"

"काही नाही. आठवण झाली."

यादवरावांनी त्याच्याकडे एकदा नीट बघितलं. म्हाताऱ्याची नजर अजून धारेची होती. कुठल्या भिंतीमागे आग आहे ते हात न लावता सांगणारी नजर. धम्मदीपानं दोघांकडे बघून विचारलं, "अहो बाबा, भात वाढू?" आणि विषय भातावर गेला. पण अश्वजितला वाटलं, आपण विचारलं त्याचा वास त्यांना लागला आहे. आता ते जपून बोलतील. आता आपणही जपून विचारलं पाहिजे. स्वतःच्या बापाविरुद्ध असा डाव मांडताना त्याला लाज वाटली, आणि लाजेबरोबर एक चोरटा उत्साहही वाटला, तो त्याला फारसा आवडला नाही.

पुढचे काही दिवस त्यानं वडिलांवर पाळत ठेवली, दुसरा शब्द नाही. संशय एकदा घरात शिरला की एका खोलीत बसत नाही. यादवरावांच्या उजव्या हातावर कोपरापाशी भाजल्याचा जुना डाग होता; गादीवाल्याकडचा, असं घरात सगळ्यांना माहीत होतं. अश्वजित चहा देताना तो निरखायचा. स्टोव्हचा असू शकतो. सायलेन्सरचा असू शकतो. सकाळी ते बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे उभे राहून त्रिशरण-पंचशील म्हणायचे, मुसावादाच्या, म्हणजे खोटं न बोलण्याच्या, शीलापाशी आवाज जरा खाली जातो का, हेसुद्धा त्यानं कान देऊन ऐकलं. नाही गेला. ते गुडघा दुखतो म्हणाले तर खरंच दुखतो का, असं त्याच्या मनात आलं, आणि मग त्यानं मुद्दाम औषधाच्या दुकानात जाऊन महागातलं मलम आणलं. त्या आगीची बातमी कुठे मिळते का म्हणून तो ऑफिसच्या वेळेत शोधत राहिला. काही मिळालं नाही. तालुक्याच्या गावातली गादीच्या दुकानाची आग, तिला कोण विचारतो. न मिळणं म्हणजे न घडणं नव्हे, एवढं त्याला कळत होतं. पण संशयी माणसाला काहीच न मिळणं हेही बरंच काही असतं.

दुपारी मात्र आजोबा आणि नात टीव्हीसमोर ठाण मांडून बसायचे. ते मराठीत बोलायचे, ती जर्मनमध्ये, आणि दोघांचं छान चाललेलं असायचं. यादवरावांना जर्मनचा एक शब्द येत नव्हता, तरी मालिकेतलं सगळं कळत होतं. एकदा अश्वजित दाराआडून ऐकत होता. ते तनयाला सांगत होते की त्यांच्या स्टेशनवर एक टीव्ही होता, रविवारी ही मालिका लागायची, सगळे बंबवाले मांडी घालून बसायचे. इंग्रजी कुणाला येत नव्हतं. वासुदेव नावाचा ड्रायव्हर होता, तो उभा राहून भाषांतर करायचा. "त्याले तरी कुठं येत होतं. पण असं ठासून सांगे का आम्ही मानून घेत होतो. एकदा तर त्यानं मेलेल्या माणसाले जिता केला. तो पडद्यावर गेलेला, अन् हा म्हणे झोपला आहे, थकला आहे." तनया खूप हसली. दाराआड अश्वजितला हसू आलं नाही. म्हणजे मालिका स्टेशनवर बघितलेली होती. लपवत तर नाहीत. की इतक्या वर्षांनी काय लपवायचं आणि काय नाही हेच विसरलेत? तो पाय न वाजवता खोलीत परत गेला.

शेवटी त्यानं आईला फोन केला. द्रौपदीबाई गुडघ्यांमुळे जर्मनीला आल्या नव्हत्या, नागपुरात आपल्या मोठ्या बहिणीकडे राहत होत्या. इकडचं तिकडचं झाल्यावर त्यानं विचारलं, "आई, प्रभाच्या लग्नाचे लाडू आठवतात का गं? कुठल्या हलवायाचे होते?"

"कोण्या हलवायाचे," त्या म्हणाल्या, "ती बुंदी पाडताना हात पोळला होता माझा."

फोनमध्ये कुकरची शिट्टी ऐकू आली. अश्वजितनं वाट बघितली. आपण जिंकलो, असं त्याला वाटलं, आणि ते वाटणं फार वाईट होतं. म्हणजे दोघं सामील. पोर सुटीला यायच्या आदल्या रात्री एकानं झारा धरला असेल आणि दुसऱ्यानं कागदाचा पुडा बांधला असेल, वर लग्नघरचा वाटावा म्हणून हळदीचा ठिपका. त्याला तो ठिपका आठवत होता.

"आई, ती पोरगी होती का?"

"जुनं उकरून कायले काढतं?" द्रौपदीबाईंचा आवाज बदलला. "त्यांना विचारू नको. ऐकतं का? काहीच विचारू नको त्यांना. मले दळण आणायचं आहे." फोन बंद झाला.

म्हणजे नव्हती. अश्वजितनं निकाल लावून टाकला. पोरगी नव्हती, आग नव्हती. एक बंब होता, एक टीव्ही होता, आणि एक बाप होता ज्याला पोरापुढे मोठं दिसायचं होतं. यात खरं तर राग यावा असं काय होतं? पण त्याला राग आला. त्या मेसच्या टेबलाशी त्याला जे हवं होतं ते खरं हवं होतं, अमेरिकेहून उसनं आणलेलं नाही. ती पोरं बरोबरच होती की काय, असा एक घाणेरडा विचार येऊन गेला. त्या विचाराची त्याला वडिलांपेक्षा जास्त चीड आली.

अशात क्रेमर जिन्यात भेटले. खालच्या मजल्यावर राहणारा हा पन्नाशीचा माणूस लोकांची हीटिंग दुरुस्त करायचा आणि त्याशिवाय गावच्या स्वयंसेवी फायर ब्रिगेडचा प्रमुख होता. इथे गावोगावी असंच असतं. खाटीक, शिक्षक, बँकेतला कारकून, भोंगा झाला की हातातलं टाकून पळत सुटतात, एक पैसा न घेता. तनयानं त्यांना सांगून टाकलं होतं की माझे ओपा, म्हणजे आजोबा, बंबवाले होते आणि त्यांनी एक बाळ वाचवलं. आता शनिवारी स्टेशन सगळ्यांना बघायला उघडं राहणार होतं, सॉसेज भाजणार होते, पोरांना पाण्याचा पाइप धरायला देणार होते. तर तुमच्या वडिलांनी चार शब्द सांगावेत, क्रेमर म्हणाले, तू भाषांतर कर. वडील थकतात, अश्वजित म्हणाला. त्यांना थंडी बाधते. जिन्याच्या वरच्या पायरीवरून तनया ओरडली की ते मुळीच थकत नाहीत. आल्झो, तर मग शनिवारी, क्रेमर म्हणाले आणि हात मिळवून गेले.

त्याला कशाची भीती वाटत होती ते अगदी साधं होतं. ही मालिका नागपुराकडे दोन-चार लोकांनी बघितली असेल. इथे ती आख्ख्या पिढीनं बघितलेली होती. त्या स्टेशनवरच्या प्रत्येक पांढऱ्या मिशीवाल्याला तो बूट पाठ असणार. यादवराव टिचकीपर्यंत येतील, आणि कुणीतरी शेजाऱ्याला कोपरानं ढोसेल, आणि हसू फुटेल. आणि समोर तनया बसलेली असेल, मैत्रिणी घेऊन. धम्मदीपाला त्यानं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग तू भाषांतर करतोयस ना? बूट गाळ. टिचकी गाळ. कुणाला मराठी येतंय तिथे?" तिचंही बरोबर होतं. तिला त्या शनिवारी ड्यूटी होती. दोन दिवस अश्वजित मनातल्या मनात बिनबुटाची गोष्ट जर्मनमध्ये घोकत राहिला.

शनिवारी ऊन पडलं होतं. यादवरावांनी कोट घातला, मफलर गुंडाळला, आणि इथे आल्यावर घेतलेले लेसचे जाड बूट. स्टेशनात शिरल्यावर ते गाडीकडे गेलेच नाहीत. भिंतीशी एका रांगेत बुटांचे जोड मांडले होते, प्रत्येकात पँट आधीच उतरवून ठेवलेली, म्हणजे पाय घातला की वर ओढायची आणि निघायचं. त्यांच्यासमोर ते बराच वेळ उभे राहिले. मग वाकून एका बुटाला हात लावला. "आमचं बी असंच राहे," ते म्हणाले. क्रेमरनी त्यांना हात लावू दिला. पोरांना तिथे हात लावू देत नव्हते. अश्वजितनं हे बघितलं आणि त्याचा संशय जरासा डगमगला, पण त्यानं तो सरळ करून ठेवला.

गाडीच्या पायरीपाशी बाकं मांडली होती. पोरं पुढे, कागदी हेल्मेटं घालून; मागे गणवेशातले स्त्री-पुरुष, हातात कॉफी. पांढऱ्या मिशांचे दोघंतिघं होते, अश्वजितनं आधीच मोजून ठेवले होते. सुरू करायच्या आधी यादवरावांनी त्याला हळूच विचारलं, "हे सगळे बंबावरचेच आहेत ना?"

"हो."

"मग यांना खरंच सांगावं लागंल," ते म्हणाले. अश्वजितला वाटलं, काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले.

गादीवाल्याचं दुकान आलं. त्यानं जर्मनमध्ये सांगितलं. रुईचा धूर आला, मागच्या माणसांनी माना हलवल्या. त्यांना तो धूर माहीत होता. शिडी, पालथं सरकणं, खाटेखालची गोधडी. यादवराव एकेक वाक्य बोलून थांबत होते, वासुदेव ड्रायव्हरला थांबत असतील तसे. "खाली आणली," ते म्हणाले. "रडत नव्हती." अश्वजितनं तेही सांगितलं, आणि आता उडी मारायची म्हणून बिनबुटाचं वाक्य जिभेवर घेतलं. पण यादवराव आता थांबेनात.

"आमच्या स्टेशनवर टीव्ही होता. त्यात दाखवलं होतं का तळपायाला टिचकी मारली का पोरगं रडते. मले तेवढंच आठवलं. मी मारली टिचकी. मारली, अजून मारली. मारतच राहिलो. आमच्या साहेबांनी येऊन हात धरला तवा थांबलो. ती धुरातच गेली होती, मी पोचायच्या आधी. साहेब म्हणे यादव, तुझा काही दोष नाही. दोष नव्हताच. पण हात थांबेना. घरी आलो तं पायातले बूट मले काढता येईनात. याच्या आईनं काढले." त्यांनी अश्वजितकडे बोट केलं. "हा पाच वर्षांचा. दारात उभा. पोरगी कुठं आहे, विचारे. कोणीतरी सांगितलं होतं याले का बाबा पोरगी आणाले गेले. दोन दिवस जेवला नाही हा. मग मी याले टीव्हीतलं सांगितलं. जेवला. मग रोज तेच मागे. मग नाव मागे. प्रभा नाव मीच ठेवलं. खरं नाव मी कोणाले विचारलं नाही. हिंमत नाही झाली."

ते थांबले. बंबाच्या लाल पत्र्यावर ऊन होतं आणि सगळे अश्वजितकडे बघत होते. म्हणजे आग होती. पोरगी होती. गोधडी होती, डाग होता, आई होती. नव्हतं ते फक्त रडणं. आपण आठवडाभर जे हुडकत होतो ते आपल्याच ताटात वाढलेलं होतं, आपणच मागून मागून घेतलेलं, हे त्याला कळलं. आता हे सगळं जर्मनमध्ये सांगायचं होतं. शब्द त्याच्याकडे होते, एकही अडणारा नव्हता. पुढच्या बाकावर तनया कागदी हेल्मेट वर सारून बसली होती, तिच्या दोन्ही बाजूंना मैत्रिणी. ती त्याच्याकडे बघत होती. त्यानं तोंड उघडलं आणि जर्मनमध्ये म्हणाला, माझ्या वडिलांनी तिच्या तळपायाला टिचकी मारली. ती रडली नाही. मग त्यांनी दुसरी मारली. आणि ती रडली. कुत्रं पळून गेलं. मग ते रस्त्याच्या कडेला बसले, बूट काढला, उलटा केला, आणि बादलीभर पाणी पडलं. जे गाळायचं म्हणून दोन दिवस घोकलं होतं तेच सगळं, एकही मात्रा न चुकता, आपोआप बाहेर आलं.

पोरं हसली. टाळ्या झाल्या. एक पांढऱ्या मिशीवाला टाळ्या वाजवता वाजवता थबकला, शेजाऱ्याकडे वळला, आणि मग यादवरावांच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं जे म्हणायचं होतं ते गिळलं. क्रेमरनी टाळ्या वाजवल्याच नाहीत. ते उठून आले, यादवरावांचा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले, आणि अश्वजितला हलक्या आवाजात म्हणाले, "ते खूप बोलले. तू थोडंच सांगितलंस."

"मराठी लांबलचक असते," अश्वजित म्हणाला.

"हो का," क्रेमर म्हणाले. त्या दोन शब्दांत संशय मावला होता, आणि तो या वेळी यादवरावांवर नव्हता.

यादवराव गोंधळले होते. "टाळ्या काहून वाजवल्या रे?" त्यांनी विचारलं.

"पद्धत आहे इथली, बाबा."

"असं झाल्यावर टाळ्या?"

"हो."

त्यांनी मान हलवली. परक्या देशातल्या पद्धतींना ते नावं ठेवत नसत. पण बाहेर पडेपर्यंत ते दोनदा मागे वळून बघताना अश्वजितला दिसले, टाळ्या वाजवणाऱ्यांकडे.

घर जवळच होतं, चालतच निघाले. तनया मधे, तिचा एक हात आजोबांच्या हातात. हेल्मेट तिनं काढून काखेत धरलं होतं. मैत्रिणींना ती बाय म्हणाली नव्हती, सॉसेजही मागितलं नव्हतं. बेकरीच्या वळणावर ती थांबली. आजोबांकडे बघून, एकेक शब्द शोधत, अडखळत, मराठीत म्हणाली, "आजोबा, ती रडला नाही ना?"

लिंग चुकलं होतं, पण यादवरावांनी दुरुस्त केलं नाही. तिचं मराठी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं. "नाही बेटा," ते म्हणाले. "नाही रडली." मग त्यांनी सावकाश मान वळवून मुलाकडे बघितलं. मघाच्या टाळ्या त्यांना आत्ता समजत होत्या.

"बूट बी काढलास?" त्यांनी विचारलं.

"काढला."

"पाणी?"

"बादलीभर."

यादवराव तनयाचा हात धरून पुढे चालायला लागले. रागावले नाहीत, हसले नाहीत. अश्वजितला वाटत होतं, ते म्हणतील, तू तर पाच वर्षांचा होतास, ही तर सगळं ऐकत बसली होती, मग कुणासाठी रे. ते म्हणाले नाहीत, म्हणून तो ते स्वतःच ऐकत राहिला. आपल्याला ती रडायला हवी होती, एवढंच त्याच्याजवळ उत्तर होतं. अजूनही हवी होती.

घरात शिरल्यावर बूट काढायला दाराशी एक बुटका बाक होता. यादवराव त्यावर बसले आणि वाकले, पण गुडघ्यानं वाकू दिलं नाही, हात लेसपर्यंत पोचेनात. अश्वजित खाली फरशीवर बसला. वडिलांचा पाय त्यानं आपल्या मांडीवर घेतला आणि गाठ सोडायला लागला. गाठ घट्ट होती, त्याला वेळ लागला. यादवरावांनी पाय मागे घेतला नाही. एक हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. बूट निघाला, आत कोरडा होता, ऊबदार. तनया दारात उभी राहून दोघांकडे टक लावून बघत होती, आणि ती कुणाचं खरं मानते आहे हे तिच्या तोंडावरून कळत नव्हतं.